गाठ न सोडताच ‘दोष आढळला नाही’

सोलापूर,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : गिटार प्रोसेसरसोबत आलेला सदोष अ‍ॅडॉप्टर, न तपासता दोनदा परत आलेलं पार्सल आणि पुसले गेलेले पॅच (मशीनमध्ये साठवलेली आवाजाची सेटिंग) याबाबत.

महोदय,

ऑगस्ट २०२४ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, मी तुमच्या कंपनीचा मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर २१,५०० रुपयांना घेतला. दिवसा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. पूर्वी गिटारचा आवाज बदलणारी पाच पेडल, त्यांच्या वायरी आणि ते सगळं ठोकलेली फळी स्कूटरवर पायाशी ठेवून न्यायचो. त्या सगळ्यांचं काम करणारं तुमचं मशीन पाठीवरच्या बॅगेत बसतं, म्हणून घेतलं. त्या बाबतीत समाधानी आहे.

माझी तक्रार कशाची नाही, ते आधी सांगून टाकतो. कारण तुमच्या हेल्पलाइनवर दर वेळी तेच काढलं गेलं.

गणपतीतल्या पहिल्याच कार्यक्रमात माझा आवाज सोलापुरी चादरीखालून वाजवल्यासारखा येत होता. ती चूक माझी होती. प्रोसेसर आधीच गिटार अँप आणि त्याच्या कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, नक्कल करतो. त्याची वायर मी खऱ्या गिटार अँपमध्ये घातली, म्हणजे एका स्पीकरचा आवाज दुसऱ्या स्पीकरमधून गाळून घेतला. दुसऱ्या कार्यक्रमाला शहाणपणा करून कॅबिनेटची नक्कल बंद केली आणि थेट मिक्सरला जोडलं, तर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) पत्र्यावर वाळू ओतावी तसं करकरायला लागलं. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येऊच देत नाही, आणि मिक्सरचे मोठे स्पीकर मात्र सगळं ऐकवतात. मिक्सरला जोडताना कॅबिनेट चालू, अँपला जोडताना बंद, एवढी साधी ही गोष्ट. ती तुमच्या मेन्यूत ‘सिस्टिम’च्या तिसऱ्या पानावर आहे आणि पुस्तिकेत तिच्याबद्दल ‘योग्य पर्याय निवडा’ एवढंच लिहिलंय. योग्य कुठला, हे शोधायला मला दोन सुपाऱ्या लागल्या.

पॅच बनवतानाही मी चुकलो. रात्री अकरानंतर, घरातले झोपल्यावर, हेडफोन लावून हळू आवाजात बनवायचो. कमी आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. त्यामुळे हेडफोनवर भरदार वाटलेला टोन मोठ्या आवाजात एकीकडे गुबगुबीत आणि दुसरीकडे कानात टोचणारा होतो. आता मी रविवारी दुपारी साउंडवाल्या काकांच्या गोदामात जाऊन, कार्यक्रमाएवढा आवाज ठेवून पॅच लावतो. ८० हर्ट्झच्या खालचं कापतो, कारण गिटारची सगळ्यात जाड तारच ८२ ला बोलते आणि त्याखाली फक्त बास गिटारवाल्याशी भांडण होतं. वरचं साडेपाच हजारांवर कापतो. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, घरी वाटतो त्याच्या निम्मा ठेवतो. टोन उत्तम येतो. कीबोर्डवाला आपणहून बोलला, आणि तो सहसा स्वतःशिवाय कोणाचं कौतुक करत नाही.

म्हणजे मला मशीन वापरता येत नाही, असं समजू नका.

आता तक्रार. पहिल्या दिवसापासून या मशीनमधून बारीक ‘कीं’ असा आवाज येतो. डासासारखा, पण एकाच पट्टीतला. डिस्टॉर्शन चालू केलं की तोही त्याबरोबर मोठा होतो. पॅच बदलताना, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करताना त्याची पट्टी किंचित सरकते. तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं, “सर, तुमच्याकडे अर्थिंगचा प्रॉब्लेम असेल, छोट्या शहरांत असतो.” साहेब, आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारे माग चोवीस तास पळतात. अर्थिंग कशाला म्हणतात ते सोलापूरला शिकवू नका. शिवाय अर्थिंगचा हम ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा, पोटातून येणारा ‘गूं’ असतो. पिकअपमधून, म्हणजे गिटारवरच्या तारांचा सूर पकडणाऱ्या चुंबकातून, येणारा हम गिटार घेऊन जागच्या जागी गोल फिरलं की कमी-जास्त होतो. माझा आवाज ‘कीं’ आहे आणि मी कितीही फिरलो तरी तेवढाच राहतो. गिटारची पिन काढून घेतली तरी येतो. पिकअप जोडलेलाच नसताना पिकअपचा दोष कसा?

दुसऱ्या फोनला सल्ला मिळाला, नॉइज गेट वाढवा. गेट म्हणजे दार. वाजवायचं थांबलो की बंद होतं, वाजवायला लागलो की उघडतं. सुरासोबत आवाज येतोच. आणि दार जास्त आवळलं की लांब ओढलेल्या सुराचं शेपूट मध्येच छाटलं जातं. धूर येतोय म्हणून खिडकी लावून घ्यायची, पण चूल बघायची नाही, असा हा प्रकार.

शेवटी कारखान्याच्या वायरमन मामांकडे गेलो. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, “हे सेलवर चालतंय का?” चालतं. खाली सहा पेन्सिल सेलची जागा आहे, दीड गुणिले सहा, नऊ व्होल्ट. सेल घातले. ‘कीं’ गायब. पूर्ण शांत. तुमचा अ‍ॅडॉप्टर लावला, परत आला. मग मामांनी त्यांच्याकडचा जुना, विटेएवढा जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅडॉप्टर काढला. नऊ व्होल्ट, आतली पिन निगेटिव्ह, म्हणजे तुमच्यासारखीच, आणि करंट द्यायची ताकद तुमच्यापेक्षा जास्त. तो लावल्यावरही शांत. मल्टिमीटर लावून बघितलं : तुमचा अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना ९.२ व्होल्ट दाखवतो, मशीनला जोडून वीस मिनिटं चालवला की ७.९ वर येतो आणि हाताला चटका बसेल एवढा तापतो. या सगळ्याला चहा धरून पाऊण तास लागला.

व्होल्टेज असं पडत असल्यामुळेच डिसेंबरमध्ये जे झालं ते झालं. लग्नाचं रिसेप्शन होतं, स्टेजवर हॅलोजन, मशीन दीड तास चालू. गाण्याच्या सुरुवातीला माझा एकट्याचा पीस होता. तिसऱ्या सुराला स्क्रीन काळी झाली आणि मग तुमच्या कंपनीचं नाव सावकाश, चमकत चमकत वर आलं. अकरा सेकंद. नंतर व्हिडिओत मोजले. ऑक्टोपॅडवाल्यानं रोल वाजवत जागा भरली, गायिका माइक हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि मागच्या खुर्च्यांतून शिट्टी आली. नवरदेवाच्या काकांनी बिदागी देताना पाचशे कमी दिले. मी वाद घातला नाही.

त्यानंतर मशीन तुमच्या पुण्याच्या सेवा केंद्राला पाठवलं. सोबत अ‍ॅडॉप्टर आणि हे सगळं लिहिलेली दोन पानांची चिठ्ठी. तीन आठवड्यांनी परत आलं. कागदावर ‘दोष आढळला नाही’ आणि ‘फॅक्टरी रिसेट केले’. माझे ३८ पॅच गेले. त्यातले बारा ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर घेऊन ठेवले होते. बाकीच्यांचा बॅकअप नव्हता, तेवढा दोष माझा. पण पुसण्याआधी एक फोन करायला काय जात होतं? एकेका गाण्याचा डिले, म्हणजे सुराचा प्रतिध्वनी किती वेळानं यावा ते, मी ६०,००० ला लयीनं (मिनिटाला किती ठोके) भागून लावला होता. ९६ ची लय असेल तर ६२५ मिलिसेकंद. आता पुन्हा वही उघडून बसलोय.

जानेवारीत दुसऱ्यांदा पाठवलं. या वेळी एक काम केलं. अ‍ॅडॉप्टरची गुंडाळलेली वायर कारखान्यातल्या लाल सुतानं बांधली आणि आमच्याकडे माग जोडताना मारतात तशी गाठ मारली. ती गाठ ज्याला येत नाही त्याला ती सोडून पुन्हा तशीच मारता येत नाही. संक्रांतीचा गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, आला आणि गेला, तो आठवडा मी उसन्या पेडलवर काढला, एक सुपारी सोडलीही. ३ फेब्रुवारीला पार्सल आलं. पुन्हा ‘दोष आढळला नाही’. सोबत तपासणी शुल्क ८५० रुपये. आणि अ‍ॅडॉप्टरवर तीच लाल गाठ, तशीच.

म्हणजे तुमच्या केंद्रानं माझं मशीन त्यांच्या टेबलावरच्या चांगल्या अ‍ॅडॉप्टरवर लावलं, ते व्यवस्थित चाललं आणि माझी चिठ्ठी कोणी वाचलीच नाही. फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, अ‍ॅडॉप्टर ही अ‍ॅक्सेसरी आहे, तिला वॉरंटी नाही. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर मात्र ठळक अक्षरात आहे की सोबत दिलेलाच अ‍ॅडॉप्टर वापरावा, अन्यथा वॉरंटी रद्द. दुसरा लावला तर वॉरंटी जाणार, आणि तुमचा बिघडला तर त्याला वॉरंटीच नाही. मग मी करायचं काय? प्रत्येक कार्यक्रमाला सहा सेल?

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. लोडवर, म्हणजे मशीनला जोडून चालवून तपासलेला नवा अ‍ॅडॉप्टर, विनामूल्य. तपासणीचे ८५० आणि दोन वेळच्या कुरिअरचे ६४० रुपये परत. किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर, पिनची कुठली बाजू निगेटिव्ह, हे जुळणारा दुसरा अ‍ॅडॉप्टर वापरला तर वॉरंटी अबाधित राहील, असं लेखी. पुस्तिकेच्या पुढच्या छपाईत अँपला जोडताना काय आणि मिक्सरला जोडताना काय, एवढ्या दोन ओळी घाला. त्या मराठीत लागल्या तर मी फुकट लिहून देतो. पॅचच्या भरपाईचा आकडा मी लावत नाही, तो कसा लावायचा मला कळत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. त्यामुळे मला त्यासाठी पुण्याला यावं लागणार नाही, तुमच्या माणसाला मात्र सोलापूरला यावं लागेल.

सोबत बिलाची प्रत, सेवा केंद्राचे दोन्ही कागद, मल्टिमीटरचे फोटो आणि एकाच पॅचची दोन रेकॉर्डिंग जोडली आहेत : एक तुमच्या अ‍ॅडॉप्टरवर, एक सेलवर. ऐकताना हेडफोन लावा, पहिल्या चार सेकंदांत मी काहीच वाजवलेलं नाही. अ‍ॅडॉप्टर या वेळी पाठवत नाही. तो लाल गाठीसकट माझ्या कपाटात आहे.

आपला,
एक ग्राहक
(सही)