स्लॅब ओतायच्या आधी झोपाळ्याचं ठरव

वडगाव, बेळगाव

दोस्ता,

तुझा मेसेज मिळाला, फोटोही बघितलो. खानापूरच्या घरासाठी बघितलेल्या तिन्ही टांगायच्या खुर्च्या दिसायला एकदम भारी आहेत, पण तू विचारलास "यातली कुठली घेऊ" आणि मी म्हणतो ते आत्ता सोड. पोर्चचा स्लॅब अजून ओतायचाय न्हवं तुझा? मग खुर्ची दिवाळीला घेतलास तरी चालतंय, ती टांगायचा हुक मात्र आत्ताच ठरव. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे प्लाय आणि टेकू, लागलंय, सळ्या बांधून झाल्यात, त्याच वेळी 16 एमएमच्या सळीचा यू करून त्याचे दोन्ही पाय मेन सळ्यांच्या वरनं वळवून बाइंडिंग तारेनं आवळायचे आणि प्लायला भोक पाडून तोंड खाली सोडायचं, एवढंच काम. नंतर करायला गेलास की मग ड्रिल आलं, अँकर बोल्ट आले, मध्येच सळी आडवी आली की भोक सरकवा, वायरिंगचा पाइप लागला तर विचारूच नको. जागा तुझ्या इंजिनियरला विचारून बीमखाली घे. पोर्चचा पुढचा भाग खांबाच्या बाहेर नुसताच लोंबतोय ना, त्याच्या टोकाला टांगायचं नाही, गवंडी कितीही "काय होत नाही की" म्हणाला तरी.

आणि तो हेही म्हणेल की फॅनचा हुक टाकूलालोय, त्यालाच लावा. अजिबात नको. फॅन चार-पाच किलोचा, जागच्या जागी फिरतो. झोक्याचं गणित वेगळं आहे. 70 किलोचा माणूस नुसता बसला तर 70, पण तोच 60 अंशापर्यंत वर जाऊन खाली आला की तळाला कड्यांवर दुप्पट, म्हणजे 140 किलोचा ताण येतो, आणि पोरं धावत येऊन धप्पकन बसतात तो हिसका वेगळाच. तुझ्या भाच्यांना मी ओळखतो, एक बसला की दुसरा उडी मारणारच. म्हणून हुक, कडी, बोल्ट सगळं निदान 300 किलोच्या वरचं बघ. साखळीत सगळ्यात कच्ची जी वस्तू असेल तेवढाच तुझा झोपाळा पक्का. लोक हजारो रुपये खुर्चीला देतात आणि वर उघड्या तोंडाचा एस हुक अडकवतात, तो ताणानं हळूहळू उघडतो, कुणाला कळतही नाही. त्याच्या जागी स्क्रूनं बंद होणारा कॅराबिनर किंवा डी शॅकल, म्हणजे आडव्या बोल्टनं बंद होणारी डी आकाराची कडी, घे.

तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये पण एक टांगू म्हणालास, तिथं पीओपीच्या खोट्या छताच्या वर खरा स्लॅब कुठं आहे ते आधी शोध. इथं टिळकवाडीत एकाच्या हॉलमध्ये फॉल्स सीलिंगच्या पट्टीलाच हुक मारून दिलेला, एका रात्री खुर्ची, पट्टी, पीओपीचा तुकडा सगळं खाली, नशीब कोण बसलं नव्हतं.

आता काकूंचं. तू ती अंड्याच्या आकाराची खुर्ची काकूंसाठी म्हणालास, इथं माझं तुझ्याशी जमत नाही बघ. ती एकाच हुकाला टांगलेली असते, त्यामुळं गोल फिरते, आणि गादी खोल असते. बसताना पाठीमागं हात नेऊन टेकू शोधला की खुर्ची बाजूला सरकते. उठताना गुडघ्यावर जोर देऊन पुढं झुकायचं तर ती मागं पळते. तुला-मला मजा वाटते, गुडघे दुखणाऱ्या बाईला नाही. दुकानात काकूंना घेऊन जा आणि बसायला नको, उठायला सांग. माझं मत विचारशील तर त्यांच्यासाठी आपला जुना फळीचा झोपाळाच, चार कड्यांचा. तो फिरत नाही, कडी धरून उठता येतं, शेजारी धान्य निवडायचं सूप घेऊन बसता येतं. फळी जमिनीपासून 17-18 इंचावर ठेव, दोन्ही तळवे टेकले पाहिजेत. दोर वापरलास तर तो एक-दोन इंच ताणतो ते धरूनच बांध. आणि वरचे हुक फळीच्या लांबीपेक्षा थोडे बाहेर घे, म्हणजे कड्या बसणाऱ्याच्या खांद्याला घासत नाहीत. पुढं-मागं जागा किती लागेल तेही मोजून ठेव. छत 10 फूट असेल तर कडी साडेआठ फुटाची, आणि नुसता 20 अंशाचा संथ झोका घेतला तरी प्रत्येक बाजूला 3 फूट जातात. म्हणजे खिडकीची काच, पायरी, तुळशीचा कट्टा सगळं त्याच्या बाहेर पाहिजे. खाली गुळगुळीत टाइल लावू नको, पावसाची झड आली की पाय घसरतो.

वहिनींना माजघरात ती मॅक्रमेची, दोराला गाठी मारून विणलेली, पाहिजे तर घे की, घरात आहे, चालतंय. पण तुळई आधी ठोकून बघ. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं, भसकन आत गेलं तर वाळवी आहे. लाकूड चांगलं असलं तरी खालनं स्क्रू हूक पिळू नको, आरपार बोल्ट घालून वर मोठं वॉशर आणि डबल नट. एकाच हुकाला टांगायची म्हणून बेअरिंगवाला स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारा जोड, पाहिजेच, नाहीतर दोर पीळ खाऊन आतल्या आत तुटत जातो, वरनं दिसत नाही. स्प्रिंग लावणार असलास तर शेजारी एक सैल साखळी सोडून ठेव, स्प्रिंग गेलाच तर माणूस त्या साखळीवर थांबतो.

बाहेरसाठी मात्र सुती दोर नको रे. खानापूरचा पाऊस तुला मी काय सांगू, जांबोटी-कणकुंबीकडचा वारा आला की ओट्यावर वाळत घातलेलं आठ दिवस वाळत नाही. सुती दोराला काळी बुरशी धरते, खऱ्या वेताला पांढरी येते आणि तो उसवतो. नायलॉन ताणतो. पॉलिस्टरचा दोर बाहेर त्यातल्या त्यात टिकतो. प्लॅस्टिकचा वेत पावसाला काय होत नाही, पण हलका असेल तर उन्हानं कडक होऊन तुकडे पडतात, म्हणून विकत घेताना एक पट्टी बोटानं वाकवून बघ. गादीचं कव्हर चेनचं पाहिजे, फोम पाणी धरून बसतो.

तिसरा फोटो तो पारदर्शक गोळा. त्याची मूळ खुर्ची फिनलंडच्या एरो आर्निओनं 1968 मध्ये केली. आधी 1963 ला त्यानं बॉल चेअर केलेली, ती पायावर उभी. पारदर्शक गोळ्याला पारदर्शक पाय मात्र काही चांगला करता येईना म्हणून ही थेट छताला टांगली. फोटोत छान वाटते, पण अ‍ॅक्रिलिक आहे, एप्रिलच्या उन्हात आत बसून दाखव मला. ओरखडेही लगेच पडतात.

बागेतली स्टँडवाली घेणार असशील तर खुर्ची कमी आणि स्टँड जास्त बघ. वरनं पाइप वाकून येतो तिथं मानेजवळ वेल्डिंग असतं, जोर सगळा तिथंच. नखानं पावडर कोटिंग खरवडून बघ, फुगवटा असेल तर खाली गंज चालू आहे. खालचं कडं बारीक असेल तर मागं रेलल्यावर उलटतं. आणि तुझ्या बागेतल्या लाल मातीत पावसाळ्यात ते एका बाजूनं रुततं, म्हणून खाली फरशी किंवा चार जांभे चिरे बसव. त्यापेक्षा मी म्हणतो उद्यमबागेत आपल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडनं करून घेऊ. पाइप सी क्लासचा सांग, त्यावर लाल पट्टा असतो, निळा बी क्लास, पिवळा सगळ्यात हलका. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप वेल्ड केला की त्या जागचा जस्ताचा थर जळतो, तिथं झिंक प्रायमर मारून घ्यायचा, हे आपण उभं राहून करून घ्यायला लागतंय, न सांगता कोण करत नाही. शेवग्याला टांगतो म्हणालास ते थट्टेत घेतो मी, शेवगा कसा काडकन मोडतो ते लहानपणी बघितलायस तू.

अजून एक. आमच्या शहापूरच्या जुन्या घरातला झोपाळा उतरवला तेव्हा मी शिडीवर चढून हुक हातात घेतला. बाहेरनं चांगला अंगठ्याएवढा जाड, आणि कडी जिथं बसायची तिथं आतनं झिजून चंद्रकोरीसारखी खाच, मध्ये पेन्सिलीएवढं लोखंड उरलेलं. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्याच्यावर झोके घेतले आणि तो कुरकुरला की आई म्हणायची तेल घाला. म्हणून तुझ्याकडं दर पावसाळ्याआधी कडी हुकातनं काढून आतली बाजू बघायची, ग्रीस लावायचं, आणि घासून खाच पडलेली दिसली तर टाकायची. पोरांची बोटं कड्यांत अडकतात, हाताच्या उंचीपर्यंत रबरी नळी चिरून चढव.

त्या झोपाळ्याची सागवानी फळी आमच्या माळ्यावर आहे, 5 फूट बाय 2 फूट, एक कोपरा उंदरानं कुरतडलाय पण रंधा मारला की निघेल. काकूंना चालणार असेल तर सांग, टेम्पो खानापूरला जातोच, टाकून देतो. जुन्या पितळी कड्या मागू नको, त्याही झिजल्यात, नव्या घे.

तुझाच,
वडगावकर