छोट्या रुळांवर आपले पूल हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉडेल रेल्वेच्या छंदावरचा लेख वाचला. इंजिनं, डबे, सिग्नल, डिजिटल कंट्रोलर यांची माहिती त्यात मन लावून दिली होती. पुलांना मात्र झाडं आणि घरांबरोबर सजावटीत बसवून एका ओळीत निकालात काढलं होतं. त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहिते आहे.

मी रेल्वेत पुलांचे नकाशे काढायचं काम केलं. सुरुवातीची वर्षं ट्रेसिंग क्लॉथ, काळी शाई आणि अमोनिया प्रिंटच्या वासात गेली, नंतर संगणक आला. निवृत्तीनंतर तेच पूल मी घरी एचओ मापात, म्हणजे 1:87 मध्ये बांधते. इंजिनं मी विकत घेते, पूल कधीच नाही.

पूल ही सजावट नव्हे. झाड दोन इंच इकडे की तिकडे याने काही बिघडत नाही. पूल मात्र सगळा लेआउट, म्हणजे रुळांची आणि देखाव्याची मांडणी, ठरवतो: रूळ किती उंचीवरून जाणार, चढ कुठून सुरू होणार, वळण किती मोठं घ्यायचं. म्हणून आधी पूल ठरवावा, मग डोंगर. बहुतेक घरांत उलटं घडतं. सपाट प्लायवूडवर रूळ टाकले जातात, गाडी फिरू लागते आणि मग कुणाला तरी नदी हवीशी वाटते. पण रुळाखाली लगेच प्लायवूड, नदीला जागाच नाही. मग रूळच उचलून पुलावर चढवायचे आणि दोन्ही बाजूंना इंजिनाला न पेलणारा चढ द्यायचा. त्याऐवजी लाकडी पट्ट्यांचा उघडा सांगाडा करावा, रूळ खुंट्यांवर उचलून घ्यावेत आणि जमीन त्यांच्याखाली हवी तेवढी उतरवावी. चढाबद्दल एवढंच सांगते की भोर घाटातला (खंडाळ्याच्या घाटातला) खरा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे शंभराला 2.7. छोट्या गाड्यांनाही साधारण तीनच्या वर चढ सोसत नाही. घाटात कर्जतहून मागे बँकर, म्हणजे गाडी मागून ढकलणारी, इंजिनं लावावी लागतात, हे लक्षात ठेवलं की कागदावरची आखणी जरा जपून होते.

आता मनाला लागलेली गोष्ट. एका प्रदर्शनात ‘भोर घाट’ अशी पाटी असलेला मोठा, देखणा लेआउट पाहिला. गाडीला आपले निळे डबे होते. दरीवर मात्र आल्प्समधला पूल होता: चुनखडीचा दगड, उंच सडपातळ कमानी. तयार किट होतं. सह्याद्रीचा दगड काळा आहे हे त्या पाटीखाली उभ्या असलेल्या एकाही मुलाला कुणी सांगत नव्हतं.

किटमध्ये सर्रास दिसणारा तो पूल मूळचा स्वित्झर्लंडचा, लँडवासर नदीवरचा. तो 1902 साली सुरू झाला. उंची 65 मीटर, लांबी 136 मीटर, सहा कमानी, तीही 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर. पूल सुंदरच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण आपल्या रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल आहे (पनवेल नव्हे, पानवल). त्याची उंची 64 मीटर आहे आणि लांबी 424 मीटर. उंचीत एका मीटरचा फरक, लांबी तिपटीहून जास्त. वरचा काँक्रीटचा पोकळ गर्डर (रूळ पेलणारी आडवी तुळई) एका टोकाला तुकड्यातुकड्यांनी ओतत गेले आणि जॅकने पुढे ढकलत खांबांवरून सरकवत नेला. आपल्या देशात हे तंत्र तिथेच पहिल्यांदा वापरलं गेलं. लँडवासरचं किट घरबसल्या मागवता येतं. पानवल बांधायचा तर एकही साधा मोजमापांचा नकाशा वाचकाच्या हाती लागत नाही.

1:87 मध्ये पानवल जवळजवळ 74 सेंटिमीटर उंच आणि 4 मीटर 87 सेंटिमीटर लांब होतो. फ्लॅटमध्ये तो मावणार नाही हे खरं. अशा वेळी गाळ्यांची, म्हणजे दोन खांबांमधल्या भागांची, संख्या कमी करावी, गाळ्याची लांबी नाही. आणि उंचीला तर हात लावूच नये. तीन गाळ्यांचा पण पूर्ण उंचीचा पानवल ओळखू येतो. अकरा गाळ्यांचा बुटका पानवल हा कुठलाही फ्लायओव्हर होतो.

घाटांत तर निवडीला केवढा वाव आहे! भोर घाटातून 1863 साली गाड्या धावू लागल्या. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुरं करवून घेतलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. याच घाटातला एक दगडी व्हायाडक्ट (दरीवरचा लांब पूल) 1867 मध्ये कोसळला. म्हणजे आज जे उभे आहेत ते दीडशेहून जास्त पावसाळे पाहिलेले. थळ घाटात कसारा आणि इगतपुरीच्या मध्ये एहेगावचा पूल आहे, उंच दगडी खांब आणि त्यांवर लोखंडी गर्डर. कसारा–इगतपुरी मार्ग 1865 च्या 1 जानेवारीला सुरू झाला. दगड आणि लोखंड दोन्ही एकाच पुलात शिकायचं असेल तर एहेगावपासून सुरुवात करावी.

दगडी पुलात बहुतेकांचं काम कमानीपाशी फसतं. छापील दगडांचा कागद सरळ चिकटवतात आणि आडवे थर कमानीच्या काठावर येऊन नुसते कापले जातात. अशी कमान एक क्षणही उभी राहणार नाही. काठाचा प्रत्येक दगड वर्तुळाच्या केंद्राकडे तोंड करून बसतो, वरचा मधला दगड शेवटी ठोकून बसवतात, आणि मगच खालचा लाकडी साचा काढता येतो. कमानीच्या पोटातले थर पुलाच्या रुंदीच्या दिशेने जातात; छोटा पूल टेबलावर डोळ्यांच्या उंचीवर आला की सगळ्यात आधी तेच दिसतं. मी काचेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची चार-पाच मिलिमीटरची लादी ओतते आणि अर्धवट सुकल्यावर बोथट सुईने थर कोरते. एक फुटी थर 1:87 मध्ये साडेतीन मिलिमीटरचा होतो. सगळे दगड सारखे कोरायचा मोह होतो, तो आवरावा.

रंगाचं सांगायचं तर आपला काळा दगड काळा रंग लावून काळा होत नाही. राखाडीत तपकिरी आणि थेंबभर जांभळा घालावा, सांध्यांत मळकट पांढरा पातळ करून सोडावा, वरून कोरड्या ब्रशने कडा उजळाव्यात. पाणी गळतं त्या भोकांखाली चुन्याचे पांढरे ओघळ उतरतात. खांबाची जी बाजू ओली राहते तिच्यावर शेवाळ असतं. आणि कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप हवंच. देखभाल करणाऱ्यांच्या डोळ्यांत ते सलतं, कारण त्याची मुळं सांधे फोडतात, पण आपल्याकडच्या जुन्या पुलावर ते नाही असं क्वचितच दिसतं. कोकणातला लेआउट असेल तर दरडी जांभ्याच्या लाल, घाटातल्या काळ्या. यात गल्लत झाली की गाडी कुठे चालली आहे तेच कळत नाही.

लोखंडी पुलांकडे मी जास्त वेळ देते, कारण आयुष्य त्यांतच गेलं. आपल्या रेल्वेत गर्डरच्या लांब्या ठरलेल्या आहेत. बंद पत्र्याचे प्लेट गर्डर 12.2, 18.3 आणि 24.4 मीटरचे, त्याहून लांब गाळ्यांना जाळीदार गर्डर, 30.5, 45.7, 61 आणि 76.2 मीटरचे. हे आकडे जुन्या 40, 60, 80, 100, 150 फुटांचे आहेत. 18.3 मीटरचा गर्डर 1:87 मध्ये 21 सेंटिमीटरचा होतो, 61 मीटरचा 70 सेंटिमीटरचा. एवढं पाठ असलं तरी मनाला येईल त्या लांबीचा पूल करायची वेळ येत नाही. जुने गर्डर रिव्हेट ठोकलेले. पातळ स्टायरिन (प्लास्टिक) शीटच्या मागच्या बाजूने जुन्या गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक पट्टीला लावून फिरवलं की पुढे रिव्हेटची ओळ उमटते.

गर्डर खांबावर थेट ठेवलेला नसतो, खाली बेअरिंग असतं. एक टोक जखडलेलं, दुसरं सरकणारं. 61 मीटरचं पोलाद 40 अंशांच्या फरकात सुमारे 29 मिलिमीटर लांब होतं, ते जाणार कुठे? मॉडेलमध्ये हा फरक अर्धा मिलिमीटरही नाही, पण दोन टोकांची बेअरिंगं वेगळी दाखवली की जाणकार माणूस तिथेच थांबतो. गर्डरच्या उघड्या पुलावर खडी नसते, स्लीपर (रुळाखालचे आडवे ठोकळे) हुक बोल्टने गर्डरलाच धरलेले असतात. म्हणून विकतच्या रुळाचे प्लास्टिक स्लीपर तिथे काढून बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पट्ट्या घालाव्यात; फटींतून खालचं पाणी दिसलं पाहिजे. आत गार्ड रेल हव्यात, मुख्य रुळापासून साधारण 250 मिलिमीटरवर, म्हणजे मॉडेलमध्ये तीनेक मिलिमीटर, आणि पुलाच्या दोन्ही बाहेरच्या टोकांना आत वळून एकमेकींना भेटलेल्या. चाक रुळावरून घसरलंच तर गाडी पुलावरून खाली जाऊ नये म्हणून त्या आहेत. पुलाचा क्रमांक, खांबावरची पुराच्या पातळीची खूण, गर्डरचा चंदेरी अ‍ॅल्युमिनियम रंग आणि कडांना डोकावणारा लालसर प्रायमर, हे विसरू नये.

मापं मिळवायला कुणीही रुळांवर किंवा पुलावर चढू नये. तो गुन्हा आहे आणि जीवाशी खेळ आहे. रस्त्यावरून, गाडी पुलावर असताना, शक्य तितका समोरून फोटो घ्यावा. जुन्या आयसीएफ डब्याची लांबी 21.3 मीटर, नव्या एलएचबी डब्याची साधारण 23.5. फोटोत डबा किती सेंटिमीटरचा आला ते मोजलं की गाळा आणि खांब त्रैराशिकाने निघतात. नववीतलं पोर हे करू शकतं.

तरीही खरा नकाशा तो नकाशाच. मुंबई–पुणे मार्गावरचा 1830 सालचा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला गेला. तो रस्त्याचा पूल होता, पण रेल्वेचे जुने पूलही एकेक करून बदलले जाणारच. गाड्या जड झाल्या, वेग वाढला, ते गैर नाही. माझी रेल्वे प्रशासनाला विनंती आहे की वापरातून गेलेल्या आणि वारसा म्हणून जपलेल्या पुलांचे साधे आराखडे, नुसती लांबी, उंची, गाळे आणि काटछेद एवढेच, लोकांसाठी खुले करावेत. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून मुलांना या छंदाची ओढ लावत आलं आहे. ती मुलं घरी येऊन काहीतरी बांधायला बसतात, त्या वेळी त्यांच्यासमोर एहेगावचा कागद असावा. प्रदर्शनं भरवणाऱ्यांनीही प्रत्येक पुलाशेजारी तो कुठला, कधीचा आणि किती गाळ्यांचा हे लिहायला सांगावं.

आणि आपल्याला एक विनंती. पुरवणीत महिन्याला एका पुलासाठी पाव पान द्या. छायाचित्रांवरून आणि प्रसिद्ध मापांवरून 1:87 चा नकाशा, कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल असा, मी विनामोबदला काढून देईन. पानवलच्या एका गाळ्याचा आणि दोन खांबांचा कच्चा आराखडा तयार आहे, सोबत जोडला आहे.

आपली,
रेल्वेची एक निवृत्त आरेखक,
कल्याण