वायद्यावरचा ऑप्शन आणि माझ्या वहीतल्या दोन रेघा

महोदय,

नवशिक्या गुंतवणूकदारांसाठी ऑप्शनवर लेख आला की त्यात एक वाक्य हमखास असते : ‘ऑप्शन घेणाऱ्याचा तोटा भरलेल्या प्रीमियमपुरताच.’ आपल्या पुरवणीतही ते वाचले. (ऑप्शन म्हणजे ठरल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क, आणि प्रीमियम म्हणजे त्या हक्काची किंमत.) वाक्य खोटे नाही. पण तेल, सोने, मका यांच्या वायद्यांवर, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने माल घेण्या-देण्याच्या करारांवर, जे ऑप्शन असतात, त्यांच्या बाबतीत ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे मला माझ्याच खात्यात सापडले, म्हणून हे पत्र.

आयुष्यभर मी इतरांचे हिशेब तपासले. निवृत्तीनंतर हौसेने कच्च्या तेलाच्या वायद्यावरचा एक कॉल, म्हणजे खरेदीच्या हक्काचा ऑप्शन, घेतला. स्ट्राइक (हक्काचा ठरलेला भाव) 70 डॉलर, प्रीमियम बॅरलमागे 2 डॉलर, करार 1000 बॅरलचा. वहीत लिहिले, ‘कमाल तोटा 2000’, आणि सवयीप्रमाणे खाली हिशेब पुरा झाल्याच्या दोन रेघा ओढल्या. ऑप्शन संपायच्या दिवशी वायदा 71 वर होता. म्हटले, चला, निम्मे तरी सुटले. उद्या 1000 जमा होतील.

दुसऱ्या दिवशी खाते उघडले तर कॉल गायब, आणि त्याच्या जागी 70 च्या भावाने घेतलेला जिवंत वायदा! रात्रीत तेल 67 वर घसरलेले, आणि मार्जिन (वायद्यासाठी ठेवायची अनामत) भरा म्हणून ब्रोकरचा निरोप. घाबरून सौदा कापला. वायद्यात 3000 गेले, प्रीमियमचे 2000 गेलेच होते. दोन रेघांच्या खाली 5000 लिहिण्याची वेळ निवृत्त हिशेबनिसावर आली.

ब्रोकरला दोष देत नाही. नियम छापलेला होता, मी वाचला नव्हता. असा कॉल वापरला गेला की हातात रोख पडत नाही, स्ट्राइकच्या भावाने वायद्याची खरेदी पडते. पुट, म्हणजे विक्रीच्या हक्काचा ऑप्शन, असेल तर विक्री पडते, आणि ज्याने ऑप्शन विकलेला असतो त्याच्या गळ्यात उलटी बाजू येते. शेवटच्या दिवशी फायद्यात असलेला ऑप्शन बहुतेक ठिकाणी आपोआप वापरला जातो. नको असेल तर आधी सांगावे लागते. आणि वायद्याला प्रीमियमचे कुंपण नसते. रोजच्या बंद भावाने नफातोटा खात्यात चढतो-उतरतो, मार्जिन कमी पडले की भरावे लागते.

माझे 5000 म्हणजे किरकोळच म्हणायचे. एप्रिल 2020 आठवा. अमेरिकी तेलाच्या मे महिन्याच्या वायद्यावरचे ऑप्शन 16 एप्रिलला संपले. वायदा तेव्हा 20 डॉलरच्या आसपास होता. समजा, कुणाचा 15 चा कॉल होता. त्याला 15 ने वायदा मिळाला, दिवसअखेर तो फायद्यातच दिसला असणार. वायदा मात्र 21 एप्रिलपर्यंत जिवंत होता. 20 एप्रिलला तो उणे 37.63 वर, म्हणजे विकणाऱ्यानेच वर पैसे द्यावेत अशा भावावर, बंद झाला. तोवर जो थांबला, त्याचा तोटा बॅरलमागे 52.63 डॉलर, एका करारावर 52,630. त्याने मूळ प्रीमियम कितीही किरकोळ भरलेला असो.

(जाता जाता : या ऑप्शनची किंमत काढायचे अमेरिकी अर्थतज्ज्ञ फिशर ब्लॅक यांचे 1976 चे सूत्र भावाचा लॉगरिदम घेते, आणि उणे संख्येचा तो निघत नाही. त्या आठवड्यात शिकागोच्या बाजाराला तेलाच्या ऑप्शनसाठी सूत्रच बदलावे लागले. आकडेमोडीत हयात गेलेल्या माणसाला याचे हसू येते, काय करणार.)

तेव्हा विनंती एवढीच : असा लेख छापताना सोबत दोन तारखा द्याव्यात, ऑप्शन संपण्याची आणि त्याच्या खालचा वायदा संपण्याची. आणि फायद्यातला ऑप्शन वापरला जाण्याची वाट न पाहता आधीच विकून मोकळे होता येते, हेही लिहावे. मुदत शिल्लक असेल तर त्या उरलेल्या दिवसांचेही काही पैसे मिळतात. माझ्या वहीत आता दोन्ही तारखा असतात. पहिलीच्या दोन दिवस आधी लाल शाईने ‘विक’ असे लिहिलेले असते, आणि दोन रेघा मी सौदा मिटल्यावरच ओढतो.

– एक निवृत्त हिशेबनीस