एसीचा गॅस ‘संपत’ नाही, गळतो

मा. संपादक,

शिगमो सरला की माझा फोन वाजू लागतो. ‘एसी थंड करत नाही, गॅस संपला, भरून द्या.’ फोंड्यात एसीची कामे करताना माझी 22 वर्षे गेली, तरी हे वाक्य सुटलेले नाही. गॅस म्हणजे स्कूटरचे पेट्रोल नव्हे. बंद नळीत तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय.

गेल्या आठवड्यात म्हार्दोळला एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. तीन वर्षांत तीनदा गॅस भरलेला. आऊटडोअरजवळचा (घराबाहेर बसवलेल्या युनिटजवळचा) काळा फोम सरकवला तर नटाभोवती तेलाचा डाग. साबणाचा फेस लावला, बुडबुडे आले. नट सोडला तर तांब्याच्या नळीचे तोंड एका बाजूला चिरलेले. नळी हॅक्सॉने कापली होती, कटरने नव्हे. आतली धारही कोणी काढली नव्हती.

काम तसे अवघड नाही. कटर हळूहळू आवळत नळी कापायची, तोंड खाली धरून रीमरने धार काढायची, म्हणजे कीस आत जात नाही. आधी नट घालायचा, मग 45 अंशांचा फ्लेअर करायचा, म्हणजे नळीचे तोंड फाकवायचे. (हा क्रम नवशिका पोर एकदा तरी चुकवतो, मीही चुकवला आहे.) नट आधी हाताने बसवून मग दोन पान्यांनी आवळायचा. पाव इंची नळीला 14 ते 18 न्यूटन-मीटर पुरतात. ‘अजून थोडा जोर’ लावला की फ्लेअर चिरतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड. भिंती चिऱ्याच्या. भोकातून नळी उघड्या तोंडाने घुसवली की लाल भुकटी आत जाते आणि पुढे बारीक वाट तुंबवते. दोन रुपयांची टेप लावायचा कंटाळा! पावसाळ्यात तर नळीत दमट हवाही शिरते. ती काढायला व्हॅक्यूम पंपच लागतो. थोडा गॅस सोडून ‘हवा मारली’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. त्याने ओल जात नाही, ती तेलात मिसळून आम्ल होते आणि कॉम्प्रेसर खाते. शिवाय हल्लीचा आर-32 गॅस सौम्य ज्वलनशील आहे. पंप लावून नळीतला दाब 500 मायक्रॉनच्या (हे व्हॅक्यूम मोजायचे माप) खाली न्यायचा, वाल्व बंद करून काही मिनिटे पाहायचे. आकडा चढत राहिला तर गळती किंवा ओल आहे.

पोरांचाही सगळा दोष नाही. नगावर पैसे मिळतात, दिवसाला पाच घरे करायची, त्यात गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी घासाघीस करते.

मास्तरांची नळी कापून नवा फ्लेअर केला. ‘मग आधीच्या तीन वेळचे पैसे?’ त्यांनी विचारले. मी काय सांगणार? एवढेच म्हणालो, पुढच्या वेळी पंप गाडीतच ठेवून कोणी वर आला, तर त्याला आधी तो आणायला पाठवा.

— एक एसी मेकॅनिक, फोंडा