रामबाम, मेझुझा आणि आमच्या घरचं भांडण

अश्दोद, इस्रायल

प्रिय दिल्या,

उशीर झाला, शिव्या फोनवर घाल. तब्येत बरी, शुगर आहे तशीच. आईचं किडनीचं ऑपरेशन नीट झालं.

पण त्याआधी घरात जे झालं ते तुलाच सांगू शकतो. ऑपरेशन ठरलं तशी मावशी (तीच) म्हणाली आधी दारावरचे मेझुझा (चौकटीवर लावलेल्या धर्मवचनांच्या गुंडाळ्या) तपासून घ्या, अक्षर उडालं असेल तर दुखणं येतं. आईने मान डोलावली. तर आमचे चिरंजीव, येशिव्हातून (धर्मशिक्षणाच्या शाळेतून) रामबाम, तो मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित, पाठ करून आलेले, आजीच्या तोंडावर म्हणाले की मेझुझात देवदूतांची नावं लिहून त्याचा तावीज करतात त्यांना परलोकात जागा नाही. रामबामने लिहिलंय हे खरं, पण आजीने नावं लिहिली होती कुठे? आणि मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासा, भिंतीत राहून कुजते, हेही रामबामचंच! हे सांगितलं तर म्हणतो, बाबा, हेतू वेगळा.

हेतूचंच डोक्यात बसलंय बघ. रामबाम बुद्धीवाला नि कब्बाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या, ही वाटणी मला पटत नाही. खरा प्रश्न, मित्झ्वा (पाळलेली देवाची आज्ञा) काम कोणावर करते? रामबामच्या मते माणसावर, येताजाता मेझुझा दिसली की एक देव आठवतो, माणूस भानावर येतो. कब्बालावाले म्हणतात वरही काहीतरी सांधलं जातं, अक्षरालाही ताकद आहे. आणि शुल्हान आरूख हा धर्मकायद्याचा ग्रंथ लिहिणारे योसेफ कारो, ज्यांच्या कायद्यावर आख्खी ज्यू दुनिया चालते, त्यांच्याशी त्सफातमध्ये स्वर्गातला आवाज बोलायचा आणि ते तो लिहून ठेवायचे! त्यांना कुठल्या कप्प्यात टाकणार? रामबामने लिहिलं सज्जनांच्या कबरींवर स्मारकं नकोत, त्यांचे शब्दच स्मारक, आणि तिबेरियाला त्याच्याच कबरीवर लोक मेणबत्त्या लावून नवस बोलतात. टाळी दे.

तू हसशील. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या दगडावर एलियाहू हन्नाबीच्या (एलियाहू प्रेषिताच्या) घोड्याच्या टापा उमटल्यात म्हणतात, त्यावरून अबोला धरलास, टापा कसल्या, पाण्याने झालेले खड्डे म्हणे, आणि नवसाच्या मालिद्याच्या (गोड पोह्यांच्या) ताटात पहिला हात तुझाच.

आता तेच मालिद्याचं. आईने एलियाहू हन्नाबीचा नवस बोलला होता, गुरुवारी करतोय. पोरगा म्हणतो बसणार नाही, रामबामच्या तेरा तत्त्वांतलं पाचवं, प्रार्थना फक्त देवाची. मी म्हटलं अरे आशीर्वाद देवाच्याच नावाने म्हणतो आपण, एलियाहूची नुसती आठवण. तर गप्प. आजी त्याला विचारत नाही, सारखी पोहे निवडत बसते. त्याला आजी मूर्तिपूजक वाटते का, हे विचारायची माझी हिंमत होत नाहीये, आणि तो हो म्हणाला तर मी काय करणार?

तुला नात झाली म्हणे, फोटो पाठव की! वहिनींचा गुडघा कसाय? घर विकू नकोस एवढ्यात, भाव वाढतील.

आणि गुरुवारच्या आत पोराला फोन कर, तू नास्तिक म्हणून तुझं ऐकतो तो. फक्त खंडाळ्याचा विषय काढू नकोस, तो तुझ्याच बाजूने बोलेल.

तुझा
शिम्या