भाषेच्या वर्गातील धर्मग्रंथ आणि दहा गुणांचा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमांची फेररचना झाल्यापासून भाषेचे पेपर, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली हे विषय एकमेकांच्या फार जवळ आले आहेत. भाषेच्या तासाला धार्मिक वाङ्मयातून मूल्ये शिकवावीत की नाही, यावर प्राध्यापक, संस्थाचालक आणि कीर्तनकार हिरिरीने बोलतात. ज्यांना हे पेपर द्यावे लागतात त्यांचे म्हणणे मात्र क्वचितच छापून येते. मी नाशिकमध्ये मराठी विषय घेऊन एम. ए. करते आहे. वर्गात आणि अभ्यासिकेत याविषयी जे कानावर पडते, त्याच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

धार्मिक वाङ्मय भाषेच्या अभ्यासातून काढून टाका, असे माझ्या ओळखीचा एकही विद्यार्थी म्हणत नाही. म्हणणार तरी कोणत्या तोंडाने? लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले क्रिस्तपुराण आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा योगसंग्राम एवढे वगळले, तर जुन्या मराठीच्या पेपरात शिकवायला फारसे काही उरतच नाही. महानुभाव, वारकरी, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा सर्वांनी आपापला देव मराठीत आणला, म्हणून तर ही भाषा एवढी समृद्ध झाली. तेव्हा वाद ग्रंथांचा नाही. त्या ग्रंथांवर कोणता प्रश्न विचारला जातो आणि कोणत्या उत्तराला गुण मिळतात, याचा आहे.

एक उदाहरण देते. चोखोबांचा ‘जोहार मायबाप जोहार’ हा अभंग आमच्या वर्गात झाला. बहुत भुकेला होऊन तुमच्या उष्ट्यासाठी पाटी घेऊन आलो आहे, असे त्यात चोखोबा म्हणतात. एका मित्राने उभे राहून विचारले, ‘सर, ही नम्रता आहे की उष्टे मागायला लावणाऱ्यांना त्यांच्याच दारात उभे राहून केलेली विचारणा?’ पुढचा सगळा तास त्यावर गेला. सोयराबाईंचा ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ हा अभंग कोणीतरी काढला आणि नवऱ्यापेक्षा बायको अधिक रोखठोक बोलते की काय, असाही वाद झाला. सरांनी कोणालाही गप्प बसवले नाही, हे मुद्दाम नमूद करते. सत्रअखेरीस प्रश्न आला तो असा: ‘चोखामेळा यांच्या अभंगांतून व्यक्त होणारी जीवनमूल्ये स्पष्ट करा.’ गुण दहा. बाजारातल्या गाइडमध्ये नम्रता, समाधान, ईश्वरनिष्ठा आणि समता ही चार उपशीर्षके तयारच होती आणि बहुतेकांनी तीच उतरवली. प्रश्न विचारणाऱ्या मित्रानेही तीच लिहिली, कारण त्याला पुढे नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, द्यायची आहे आणि त्यासाठी एम. ए.ला टक्केवारी लागते. एरवी वर्गात सर्वांत खरे बोलणारा हा मुलगा त्या दहा गुणांपुरता स्वतःला न पटलेली नम्रता लिहून आला, ही आमच्या मूल्यशिक्षणाची फलश्रुती.

हे सगळे नाशिकमध्ये घडते, हे विशेष. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालला. मंदिराबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांचा अभंग या गावात शिकवताना पंचवटीतल्या त्या दाराचा उल्लेखही उत्तरात यावा लागत नाही, इतका आमचा मूल्यविचार सोवळा आहे.

विद्यार्थ्यांची मते एकसारखी आहेत, असा माझा दावा नाही. वारकरी घरातल्या, त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आजोबांचे बोट धरून चाललेल्या मित्राला माझे म्हणणे अधिक पटेल, असे मला वाटले नव्हते. पण तो म्हणाला, ‘हरिपाठ आमच्या घरी रोज होतो. वर्गात मला त्याची ओवी आणि अभंगाची बांधणी समजून घ्यायची आहे. भक्ती शिकवायला आई-वडील आहेत की!’ जुन्या नाशिकमधल्या एका मैत्रिणीला पसायदान तोंडपाठ आहे आणि ते आवडतेही. तासाच्या आरंभी हात जोडून सर्वांनी ते म्हणण्याची पद्धत मात्र तिला अवघड वाटते. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मुले वेगळीच तक्रार करतात. मार्गशीर्षात त्यांच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, त्यात गाणी असतात, व्रताचे कडक नियम असतात. पण ‘मूल्ये’ म्हटली की ती पोथीतलीच, पाड्यावरची नव्हेत, असे अभ्यासक्रमाने ठरवून टाकले आहे. याउलट, मूल्यशिक्षणाच्या निमित्ताने का होईना पण संतवाङ्मय मूळ संहितेतून वाचले, नाहीतर नोट्सवरच भागवले असते, असे सांगणारेही बरेच आहेत. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

धार्मिक संहिता भाषेच्या अंगाने वाचली, तर मूल्यांची चर्चा टळत नाही, उलट अवघड होते. पांडवलेणीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख पाहा. बौद्ध भिक्षूंना लेणे दान दिल्याची नोंद करणाऱ्या त्याच लेखात तिच्या पुत्राने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला अशी स्तुती आहे. दान बौद्ध संघाला आणि अभिमान वर्णव्यवस्था राखल्याचा! यातून ‘कोणते मूल्य आत्मसात करावे’ हे चार उपशीर्षकांत कोणी लिहून दाखवावे. मात्र हा लेख भाषेच्या विद्यार्थ्यांना शब्दशः वाचायला लावून, राजमातेने या दोन्ही गोष्टी एका दमात का सांगितल्या असतील, असे विचारले, तर उत्तर लिहिताना व्याकरण, इतिहास आणि विवेक या तिन्हींचा कस लागेल.

कायदाही याच फरकावर उभा आहे. संविधानाच्या कलम २८ नुसार संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. त्याचबरोबर, गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली डी. ए. व्ही. कॉलेज प्रकरणात स्पष्ट केले, आणि २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयीचे शिक्षण गैर ठरवले नाही. म्हणजे अभ्यासाला मुभा आहे, सक्तीच्या उपासनेला नाही. एका महाविद्यालयात प्रवचनाला हजर राहून अहवाल दिल्यास अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मिळतात, असे तिथल्या विद्यार्थिनींकडून कळले. हजेरी ऐच्छिक असल्याचे त्यांना सांगितले जाते. गुण जोडलेली गोष्ट ऐच्छिक कशी राहते, ते संबंधितांनीच सांगावे.

विद्यापीठाच्या मराठी अभ्यास मंडळाला, आणि कबीर व धम्मपद शिकवणाऱ्या हिंदी व पाली विषयांच्या मंडळांनाही, आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करते की ‘जीवनमूल्ये स्पष्ट करा’ या साच्याऐवजी न शिकवलेला उतारा देऊन त्यावर स्वतःचे मत साधार मांडायला सांगणारा एक प्रश्न प्रत्येक पेपरात सक्तीचा करावा. परीक्षकांना पाठवल्या जाणाऱ्या आदर्श उत्तरात, उताऱ्यातल्या मूल्याशी असहमती दाखवणाऱ्या पण संहितेचा आधार देणाऱ्या उत्तरालाही पूर्ण गुण द्यावेत, अशी लेखी सूचना असावी. नव्या सत्राच्या प्रश्नपत्रिका निघण्यापूर्वी हे सहज करता येईल, आणि त्यासाठी अभ्यासक्रमातला एकही अभंग बदलावा लागणार नाही.

आपली विश्वासू,
एम. ए. (मराठी), द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी,
नाशिक