‘ओढून नेणार म्हणजे कुठे?’ : कंपनी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री यांस,

स.न.वि.वि.

मी पुण्यात वकिली करते. दिवसभर कंपन्यांचे करार, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय व्यवहार व इम्पॅक्ट गुंतवणुकीचा कायदा शिकवते. नफ्यासोबत समाजाचे मोजता येईल असे भलेही व्हावे, म्हणून लावलेला पैसा तो हा.

वर्गात मी सह्याद्री फार्म्सचे उदाहरण घेते. २०२२ मध्ये मोहाडीत (जि. नाशिक) इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले, शेतकऱ्यांच्या मूळ उत्पादक कंपनीत नव्हे, तिच्या उपकंपनीत. मुले विचारतात, हे आडवळण कशाला? कारण उत्पादक कंपनीचे सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतात. शेतकऱ्याकडे शेअर कितीही असोत, मत एकच. हे कुंपण योग्यच आहे. नाहीतर कित्येक कंपन्या आडत्यांनी कधीच खिशात घातल्या असत्या.

पण उपकंपनी कुंपणाबाहेर. तिथे एक सभासद, एक मत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या, लहान उत्पादक कंपनीच्या बैठकीला बसले होते. तिच्या उपकंपनीत एक गुंतवणूक फंड पैसे लावणार होता. टेबलावर त्याचा नव्वद पानांचा इंग्रजी करार. वाद झालाच तर लवाद सिंगापूरला. ‘ड्रॅग-अलाँग’ या कलमापाशी आले तशी एक द्राक्षबागाईतदार संचालक म्हणाले, “मॅडम, ओढून नेणार म्हणजे कुठे?” मी सांगितले, फंडाने आपला हिस्सा विकायला काढला, की त्याच गिऱ्हाईकाला त्याच भावात तुमचाही विकावा लागेल.

“म्हणजे पॅकहाऊसपण?”

पॅकहाऊसपण; माल निवडून पेट्यांत भरायची ती जागा उपकंपनीतच होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात सह्या झाल्या. हंगाम तोंडावर होता आणि बँकेने कर्ज नाकारले होते.

फंड लबाड असतो असे नाही. त्याचे आयुष्यच बहुधा दहा वर्षांचे; मुदत भरली की ज्यांचा पैसा त्यांना परत करावा लागतो. बागेचा हिशेब वेगळ्या कॅलेंडरवर चालतो, एवढेच.

उपकंपनी काढायला सर्वसाधारण सभेचा विशेष ठराव आजही लागतो. पण खरे काय ते नंतर ठरते, गुंतवणूकदार आल्यावर. तेव्हा विक्री, नकाराधिकार आणि लवाद ही तीन कलमे सभासदांच्या भाषेत छापून पुन्हा सभेपुढे ठेवावीत, आणि ठराव होईपर्यंत करार अमलात येऊ नये, असा नियम करा. फंडांचे वकील उशिराची तक्रार करतील. मीही कधीकधी त्याच बाजूला बसते, आणि तीन आठवड्यांच्या उशिराने मोडलेला चांगला व्यवहार मी अजून पाहिलेला नाही.

मराठी मसुदा मी आणि माझे विद्यार्थी करून पाठवू. ‘ड्रॅग-अलाँग’ला आम्ही वर्गात ‘फरफट कलम’ म्हणतो; याहून सौम्य शब्द मंत्रालयाला सुचला तर जरूर कळवावा.

आपली,
एक वकील व अध्यापिका, पुणे